पुस्तक मिटल्यावरचा अभ्यास

बारावीनंतर सतरा वर्षांनी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाच्या बी. ए.ची पुस्तकं घरी आली. अर्थशास्त्र आणि इतिहास समजायला फारसे जड नव्हते. अडलं ते दुसरीकडेच. अभ्यास करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, हे शाळेत कधी कुणी सांगितलेलंच नव्हतं. 'पाठ कर' आणि 'दहा वेळा लिही' एवढ्या दोन सूचनांवर आमची पिढी दहावी झाली. जळगाव, धुळे, भुसावळ इथे विषयाचे क्लास गल्लोगल्ली आहेत, पद्धतीचा क्लास मात्र सापडत नाही. म्हणून ती मोबाइलवरच शिकावी लागली. कापसाच्या जिनिंग कारखान्यातला हिशेबाचा जॉब सांभाळून दोन वर्षं हे केलं. त्यात काय टिकलं, काय फसलं आणि का फसलं, ते इथे मांडतो आहे.

पहिली फसगत व्हिडिओची. अभ्यासतंत्रावरचे व्हिडिओ बघायला गोड असतात. समोरचा माणूस सफाईने बोलतो, पडद्यावर रंगीत आकृत्या येतात आणि आपण मान डोलावत राहतो. 'पटलं' आणि 'आलं' यांत फरक आहे हे तेव्हा जाणवत नाही. बघता बघता स्क्रीनशॉट काढायची सवय लागते. महिनाभरात गॅलरीत ते तीनशेच्या वर जातात आणि त्यातला एकही पुन्हा उघडला जात नाही. स्क्रीनशॉट काढला की डोक्याला वाटतं, चला, हे जपून ठेवलं, आता लक्षात ठेवायची गरज नाही.

यातून बाहेर काढलं ते 'लर्निंग हाऊ टू लर्न' या मला मोफत बघता आलेल्या कोर्सने. अभियांत्रिकीच्या प्राध्यापक बार्बरा ओकले आणि मेंदूशास्त्रज्ञ टेरेन्स सेजनोव्स्की यांनी तो 2014 मध्ये कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या संकेतस्थळावर सुरू केला. तो चार आठवड्यांचा आहे, भाषा इंग्रजी आहे, पण खाली अक्षरं येतात आणि गती पाऊणपट करता येते. इंग्रजी बेताचं असलं तरी निभतं. चार आठवड्यांचं काम मला अकरा आठवडे लागलं. त्याचं वाईट वाटून घेऊ नये. कोर्सचं वेळापत्रक दिवसभर कापसाच्या गाठी मोजणाऱ्या माणसासाठी केलेलं नसतं.

त्यातून घेतलेली आणि आजतागायत टिकलेली गोष्ट एकच आहे: व्हिडिओ सहा-सात मिनिटांनी थांबवायचा, मोबाइल पालथा ठेवायचा आणि कागदावर आठवेल ते तीन ओळींत लिहायचं. आठवलं नाही तर तिथे रेघ ओढून मोकळी जागा सोडायची, मग मागे जाऊन तेवढाच तुकडा पुन्हा बघायचा. वीस मिनिटांच्या व्हिडिओला पंचेचाळीस मिनिटं लागतात. सुरुवातीला हा वेळ फुकट गेल्यासारखा वाटतो आणि बरेच जण इथेच सोडून देतात.

हा वेळ फुकट का जात नाही, याचं उत्तर रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांच्या 2006 च्या प्रयोगात आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दुसऱ्यांदा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवलं आणि लिहून काढणाऱ्यांना सुमारे 56 टक्के. रात्री अकराला धडा दुसऱ्यांदा वाचून पुस्तक मिटताना 'सगळं येतंय' असं का वाटतं आणि परीक्षेच्या हॉलमध्ये घाम का फुटतो, ते या आकड्यांतून कळतं. रात्रीचं ते 'येतंय' पाच मिनिटांपुरतं खरं असतं. आमच्या अहिराणी बोलीत याला सरळ म्हणतात, 'वाचस, पण ध्यानमा ऱ्हास नही.' ध्यानात राहायचं तर पुस्तक मिटून ते डोक्यातून बाहेर काढावं लागतं. पुढचं सगळं या एकाच कामाच्या सोयीसाठी आहे.

डेटाचं गणितही सांगून टाकतो. व्हिडिओचा दर्जा 360पी वर ठेवला तर एका तासाला साधारण 300 एमबी जातात, 720पी वर एक जीबीच्या आसपास. दिवसाला दीड जीबीचा पॅक असेल आणि त्यावर घरातली मुलंही असतील, तर दर्जा आपोआपवर ठेवू नये, हाताने 360पी करावा. फळ्यावरची अक्षरं त्यात वाचता येतात. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत रेंज येते-जाते, म्हणून रेंज असेल तिथे आठवड्याचे चार व्हिडिओ उतरवून ठेवावेत. चारच. चाळीस उतरवले की पुन्हा स्क्रीनशॉटची गत.

आता पुस्तक. मुक्त विद्यापीठाची पुस्तकं मुळात शिक्षक समोर नाही असं धरून लिहिलेली असतात. प्रत्येक घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मग प्रास्ताविक, मग विषय-विवेचन, शेवटी सारांश, शब्दार्थ आणि स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न. आपण काय करतो? उद्दिष्टं गाळतो, विवेचन पहिल्या ओळीपासून पेन्सिल घेऊन वाचतो, अर्ध्या ओळी अधोरेखित करतो, आणि प्रश्न 'नंतर' म्हणून सोडतो. अधोरेखन हा तर कष्ट केल्याचं समाधान देणारा सगळ्यात स्वस्त उद्योग. पान रेघांनी भरतं, डोकं कोरं राहतं.

क्रम उलटा केला की काम सोपं होतं. आधी उद्दिष्टं वाचा, लगेच सारांश, मग शेवटचे प्रश्न. यात आठ-दहा मिनिटं जातात. त्यानंतर विवेचनातल्या प्रत्येक उपशीर्षकाचा प्रश्न करायचा. 'मागणीच्या लवचिकतेचे प्रकार' असं शीर्षक असेल तर 'प्रकार किती आणि ते कशावरून पाडले?' असं समासात लिहायचं. मग त्या उत्तराच्या शोधात वाचायचं, उपशीर्षक संपलं की पुस्तक मिटून उत्तर तोंडाने बोलायचं. फ्रान्सिस रॉबिन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने 1946 मध्ये मांडलेली ही पाच पायऱ्यांची रीत: चाळणं, प्रश्न, वाचन, बोलणं, उजळणी. चौथी पायरी गाळली तर बाकीच्या चारांना अर्थ उरत नाही, आणि गाळली जाते ती हीच. घरात माणसं असताना एकट्याने पुटपुटायची लाज वाटते. यावर उपाय म्हणजे गच्ची, वावर, नाहीतर विहिरीवरची मोटार सुरू करायला जातानाचा रस्ता.

टिपणांसाठी साधी फुलस्केप वही पुरते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी 1950 च्या दशकात आखलेली पानाची मांडणी आहे: डावीकडे अडीच इंचांचा रकाना प्रश्नांसाठी, उजवीकडे मोठी जागा टिपणाला, तळाशी दोन इंच सारांशाला. वहीतला छापील समास अरुंद असतो, त्यात प्रश्न मावत नाही. पट्टीने रेघ मारत बसण्यापेक्षा पान डावीकडून चार बोटं दुमडून घडी पाडावी, काम होतं.

एक पान जवळून दाखवतो. विषय, मागणीची किंमत लवचिकता. उजवीकडे लिहिलं: मागणीतला शेकडा बदल भागिले किमतीतला शेकडा बदल. खाली उदाहरण, रावेरच्या केळीचं, आकडे सोयीसाठी धरलेले. भाव क्विंटलला 1000 चा 1200 झाला, एका व्यापाऱ्याची मागणी 50 क्विंटलवरून 45 वर आली. किंमत 20 टक्के वाढली, मागणी 10 टक्के घटली. 10 भागिले 20, म्हणजे 0.5. एकापेक्षा कमी, म्हणून कमी लवचिक मागणी. डाव्या रकान्यात तीन प्रश्न: 'वर कोण, खाली कोण?', 'टक्का कुठल्या आकड्यावर काढायचा?', 'एकापेक्षा कमी आलं तर काय म्हणायचं?' तळाशी आपल्या शब्दांत एक ओळ: भाव जितका हलला त्यापेक्षा खरेदी कमी हलली.

हे प्रश्न मुद्दाम चुकांच्या जागी ठेवलेले आहेत. वर-खाली उलटं झालं तर 0.5 ऐवजी 2 येतं आणि निष्कर्ष बरोबर उलटा निघतो. 200 ला मूळ 1000 ऐवजी नव्या 1200 ने भागलं तर 20 ऐवजी 16.67 येतात आणि पुढचं सगळं बिघडतं. दुसऱ्या दिवशी पान घडीवर दुमडायचं, उजवी बाजू झाकायची आणि डावीकडचे प्रश्न वाचून उत्तरं कोऱ्या कागदावर काढायची. टिपण झाकता येत नसेल तर ते टिपण नाही, पुस्तकाची नक्कल आहे. टिपण लगेच लिहू नये, हीसुद्धा शिकलेली गोष्ट. वाचता वाचता लिहिलं की वाक्यं पुस्तकाची येतात. उपशीर्षक संपवून, पुस्तक मिटून लिहिलं की आपली येतात, तोकडी पण आपली.

भाषेचा घोळ याच पानावर उघडा पडतो, आणि कुठलाही ऑनलाइन कोर्स त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. अर्थशास्त्राचे बहुतेक चांगले व्हिडिओ हिंदीत आहेत. हिंदीत 'मांग की लोच', आपल्या पुस्तकात 'मागणीची लवचिकता'. हिंदीत 'आपूर्ति', मराठीत 'पुरवठा'. 'मुद्रास्फीति' म्हणजे 'चलनवाढ', 'राजस्व' म्हणजे 'महसूल'. महिनाभर हिंदी ऐकलं की उत्तरपत्रिकेत नकळत 'पूर्ती वक्र' उतरतो. त्यासाठी वहीच्या शेवटच्या पानांवर तीन रकाने केले: पुस्तकातला शब्द, व्हिडिओतला शब्द, घरातला शब्द.

तिसरा रकाना सगळ्यात उपयोगी ठरला. खान्देशात घरची बोली एक नाही. धुळे-चाळीसगाव पट्ट्यात अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा गणबोली, नंदुरबारच्या डोंगरात भिली आणि पावरी. पुस्तकाची मराठी यांतल्या कुणाचीच घरची नाही. आपण ती वाचतो, तिची वाक्यं तशीच तोंडात ठेवतो आणि समजलं असं धरून चालतो. म्हणून कसोटी अशी ठेवायची: तीच गोष्ट घरच्या बोलीत, एकही पारिभाषिक शब्द न वापरता, घरातल्या कुणाला सांगायची. 'भाव वाढना तरी मीठ तं लेनंच पडस' (भाव वाढला तरी मीठ घ्यावंच लागतं), एवढं म्हणता आलं की कमी लवचिक मागणी समजली. त्यावर आईने किंवा वहिनीने 'मंग सोनानं काय?' असं विचारलं आणि आपण गडबडलो, तर तिथे भोक आहे. पुस्तक उघडायची जागा तीच. ज्यांची बोली प्रमाण मराठीपासून दूर आहे त्यांना उगाच न्यूनगंड असतो. अभ्यासात ती बोली हाताशी असणं ही सोय आहे, कारण तिच्यात घोकंपट्टी लपवता येत नाही.

इतिहासाला कार्डं लागतात. बाजारात तयार मिळतात, पण घरात लग्नपत्रिकांचा ढीग असतोच. एका जाड पत्रिकेची पाठकोरी बाजू कापली की चार कार्डं निघतात. पुढे प्रश्न, मागे उत्तर. यात नव्वद टक्के चुका एकाच प्रकारच्या होतात: एका कार्डावर खूप माहिती कोंबणं. माझं पहिलं कार्ड असं होतं: 'फैजपूर काँग्रेसची माहिती द्या.' मागे सहा ओळी. यातल्या चार आठवल्या तर कार्ड बरोबर धरायचं की चूक? ठरवता येत नाही, मग आपण आपल्याच बाजूने निकाल देतो. त्याचे तुकडे केले. 'काँग्रेसचं ग्रामीण भागातलं पहिलं अधिवेशन कुठे?' फैजपूर. 'महिना, वर्ष?' डिसेंबर 1936. 'अध्यक्ष?' जवाहरलाल नेहरू. तसंच 'नंदुरबारला शिरीषकुमार आणि त्याच्या साथीदारांवर गोळीबार कधी?' 9 सप्टेंबर 1942. एका कार्डाला एकच उत्तर, पाच सेकंदांत हो किंवा नाही. जवळचं गाव असलेली कार्डं लवकर बसतात, म्हणून सुरुवात तिथून केली. 'का' असा प्रश्न असेल तर मात्र कार्ड चालत नाही, त्याला वहीचं पान हवं.

कार्डं ठेवायला मिठाईचा खोका आणि त्यात पुठ्ठ्याचे चार आडोसे, म्हणजे पाच कप्पे. सेबास्टियन लाइटनर या जर्मन पत्रकाराने 1972 मध्ये ही पेटी लोकांपुढे आणली. नवं कार्ड पहिल्या कप्प्यात जातं. बरोबर आलं की पुढच्या कप्प्यात, चुकलं की कुठेही असो, थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा चार दिवसांनी, चौथा आठवड्याने, पाचवा पंधरवड्याने. हे दिवस म्हणजे दगडावरची रेघ नाही, तत्त्व एवढंच की विसरायला लागण्याच्या सुमारास पुन्हा आठवायचं. विसरण्याचा वेग सुरुवातीला जास्त आणि नंतर मंद असतो, हे हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्ये स्वतःवरच निरर्थक अक्षरं पाठ करण्याचे प्रयोग करून दाखवलं होतं. म्हणून पहिली उजळणी दुसऱ्या दिवशीच हवी, रविवारची वाट बघू नये.

हेच काम अँकीड्रॉइड हे ॲप मोफत करतं आणि त्यात देवनागरी नीट चालते. त्यातला खड्डा आधीच सांगतो. ॲपमध्ये रोजच्या नव्या कार्डांची मर्यादा 20 लावलेली असते. पहिला आठवडा मजेत जातो, मग जुनी कार्डं परत यायला लागतात आणि महिन्याभरात रोजची शंभराच्या वर समोर उभी राहतात. त्यात कानबाईच्या सणाचे दोन-तीन दिवस चुकले की आकडा बघूनच ॲप बंद होतं, ते कायमचं. सेटिंगमध्ये जाऊन तो आकडा 5 करावा. तुंबलंच तर नवी कार्डं शून्यावर आणून जुनी रोज तीस-चाळीस करत फेडावीत. शिवाय दुसऱ्याने बनवलेली तयार कार्डं उतरवून घेऊ नयेत. कार्ड बनवताना निम्मा अभ्यास होतो, तो आयता मिळत नाही.

वेळेबद्दल कोर्समध्ये जे सांगतात ते आपल्याकडे जसंच्या तसं लागू पडत नाही. फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाअखेरीस टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावर 25 मिनिटं अभ्यास, 5 मिनिटं विश्रांती असा ठेका बसवला. दिवसभर उभं राहून आलेल्या माणसाला पहिला महिनाभर 25 मिनिटंही जड जातात. 15 पासून सुरू करावं, दर आठवड्याला थोडं वाढवावं. पाच मिनिटांच्या विश्रांतीत मोबाइल हातात घेतला की ती पाऊण तासाची होते. पाणी प्यावं, अंगणात फेरी मारावी. घड्याळ मोबाइलमधलं लावलं तर विमान मोड आधी लावावा, किंवा सरळ साधं गजराचं घड्याळ आणावं.

वर्षाचं वेळापत्रक कपाशीवर ठरतं. दिवाळीपासून फेब्रुवारीपर्यंत जिनिंगला श्वास घ्यायला सवड नसते, वेचणीच्या घरांतही तेच. त्या काळात नवा घटक घेऊच नये, फक्त कार्डं आणि झाकलेली पानं, रोज वीस मिनिटं. नवं वाचन जून ते ऑक्टोबर. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 ला टेकतो, तेव्हा दुपारी पुस्तक घेऊन बसणं म्हणजे पुस्तकावर डोकं ठेवून झोपणं. पहाटे साडेचार ते साडेसहा हे दोन तास दुपारच्या चार तासांना भारी पडतात. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची आली तर पहाट सोडून द्यावी, झोप मोडून केलेली उजळणी टिकत नाही. जागरणाने पास झालेल्यांच्या गोष्टी सगळीकडे ऐकू येतात, नापास झालेले गोष्ट सांगत नाहीत एवढंच.

शेवटी हात. याबद्दल कुठल्याच कोर्समध्ये काही मिळालं नाही, कारण ते तयार करणारे बहुधा टाइप करतात. आपली परीक्षा पेनाने असते. पंधरा वर्षं फक्त सही आणि पावत्या लिहिलेला हात चाळिसाव्या मिनिटाला आखडतो, अंगठ्याच्या मुळापासून मनगटापर्यंत कळ येते आणि शेवटचे दोन प्रश्न येत असून राहतात. 80 गुणांना तीन तास असतील तर हिशेब असा: वाचायला 10 मिनिटं, शेवटी तपासायला 10, उरली 160. एका गुणाला दोन मिनिटं, दहा गुणांच्या प्रश्नाला वीस. त्यात तीन मिनिटं मुद्दे काढायला गेली, सतरा उरली. मिनिटाला पंधरा शब्द या चालीने अडीचशे शब्द होतात. म्हणजे घरी सहाशे शब्दांचं उत्तर तयार करण्यात काही मतलब नाही, ते तिथे मावणारच नाही.

हात तयार व्हायला सहा आठवडे धरावेत. पहिल्या आठवड्यात रोज सलग 20 मिनिटं, न थांबता, झाकलेल्या पानावरून आठवून. दुसऱ्यात 30, चौथ्यात 60. पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात एकेका रविवारी पूर्ण तीन तासांचा पेपर, जुनी प्रश्नपत्रिका घेऊन, गजर लावून. पेन घट्ट धरायची सवय हेच दुखण्याचं मूळ असतं. थोडं जाड बॉलपेन घेतलं की पकड सैल होते. उन्हाळ्यातल्या पेपरला जेल पेन नको, तळहाताच्या घामाने शाई पसरते. रुमालाची चौपदरी घडी हाताखाली ठेवावी, आणि ती घरच्या सरावातही ठेवावी, नाहीतर हॉलमध्ये तीच अडचण करते.

सरावाचा पेपर स्वतः तपासताना लाल पेनाने गुण देत बसू नये. प्रत्येक उत्तरापुढे फक्त एक अक्षर लिहावं: आठवलं नाही त्याला 'आ', समजलंच नव्हतं त्याला 'स', येत होतं पण वेळ पुरला नाही त्याला 'व'. 'आ'ची कार्डं पहिल्या कप्प्यात परत जातात. 'स'साठी तो घटक उद्दिष्टांपासून पुन्हा घ्यायचा आणि रात्री घरच्या बोलीत कुणाला तरी सांगायचा. 'व' असतील तितकी उत्तरं पुढच्या रविवारी वीसऐवजी अठरा मिनिटांच्या गजरावर लिहायची.